बाबांच्या औषधांचं बिल हप्त्यांनी भरावं का?

प्रश्न थोडक्यात: आई-बाबा न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. बाबा ७३ वर्षांचे, इथल्याच नोकरीतून निवृत्त झालेले, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एलिक्विस आणि मधुमेहासाठी जार्डियन्स चालू आहे. या जानेवारीत (२०२६) दोन्ही औषधांचे मिळून काउंटरवर ४२८ डॉलर भरावे लागले आणि बाबांनी धसकाच घेतला. औषध-विम्याच्या प्लॅनच्या कार्डासोबत ‘मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन’चा फॉर्म आला आहे. तो भरावा का? हे कर्ज आहे का? दोघं दरवर्षी दिवाळीआधी पुण्याला जातात आणि नवीन वर्ष लागलं की परत येतात, त्याचा काही फरक पडेल का? शिवाय शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी कॅन्सरची गोळी लिहून दिली आहे. फार्मसीत २१०० डॉलर सांगितल्यावर त्या एक कागद हातात घेऊन गोळीशिवाय परत आल्या. त्यांना याचा उपयोग होईल का?

उत्तर:

आधी काकूंचं बघू, कारण बाबांचा निर्णय आठवडाभर थांबू शकतो, काकूंची गोळी नाही.

काकूंनी ही हप्त्यांची सोय घ्यावी, आणि आजच घ्यावी. त्यांच्या औषधांच्या प्लॅनच्या कार्डामागे जो फोन नंबर असतो, त्यावर फोन करून ‘मला प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅनमध्ये नाव घालायचं आहे’ एवढंच सांगायचं. इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल तर तुम्ही शेजारी बसा. त्यांनी फोनवर ‘माझ्या वतीने हे बोलतील’ असं सांगितलं की पुढचं तुम्ही बोलू शकता. वर्ष सुरू झाल्यानंतर केलेली विनंती प्लॅनला २४ तासांत निकाली काढावी लागते. त्यानंतर फार्मसीत गेलं की काउंटरवर एक पैसाही द्यायचा नाही. प्लॅन नंतर घरी बिल पाठवतो. काकूंचं जानेवारीचं बिल येईल १७५ डॉलर, आणि डिसेंबरपर्यंत दर महिन्याला तेवढंच.

हे १७५ कुठून आले ते सांगतो, कारण पुढे बाबांच्या बाबतीत हाच हिशेब वेगळं वळण घेतो. मेडिकेअरच्या औषध-विम्यात, म्हणजे पार्ट डीमध्ये, माणसाने स्वतःच्या खिशातून वर्षाला किती भरायचं याला पूर्वी कमाल मर्यादाच नव्हती. मोठा खर्च झाल्यावरही शेवटपर्यंत पाच टक्के भरत राहावं लागायचं, आणि कॅन्सरच्या गोळ्यांच्या बाबतीत ते पाच टक्के म्हणजे हजारो डॉलर व्हायचे. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने हे बदललं. २०२४ मध्ये ते पाच टक्के गेले, २०२५ पासून वर्षाला २००० डॉलरची मर्यादा आली, २०२६ साठी ती २१०० आहे. तेवढे भरले की उरलेल्या वर्षात प्लॅनच्या यादीतल्या औषधांना शून्य.

मर्यादा आली, पण एक अडचण राहिली. महागडी गोळी असेल तर ती मर्यादा पहिल्याच खेपेला गाठली जाते. उदाहरण म्हणून कॅन्सरवरची इम्ब्रुविका घ्या. मेडिकेअरने ठरवलेली तिची २०२६ ची महिन्याची किंमत ९३१९ डॉलर आहे. आधी डिडक्टिबलचे, म्हणजे विम्याचा वाटा सुरू होण्याआधी सगळे स्वतःच भरायचे, ६१५, मग उरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा. तो हिस्सा पूर्ण होण्याआधीच २१०० ची भिंत लागते. म्हणजे वर्षभराचा सगळा भार जानेवारीतल्या एका दुपारी, एका काउंटरवर. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाकडे वर्षाला २१०० असतात, पण त्या दुपारी नसतात. नेमकी ही अडचण सोडवायला त्याच कायद्यात हप्त्यांची सोय घातली. ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि प्रत्येक पार्ट डी प्लॅनला ती द्यावीच लागते, मग प्लॅन स्वतंत्र औषधांचा असो की खासगी कंपनीमार्फतच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमधला.

काकूंच्या हातातला कागद त्यातलाच. एका औषधाचे ६०० डॉलर किंवा जास्त खिशातून जाणार असं दिसलं की प्लॅन फार्मसीला इशारा पाठवतो आणि फार्मसीने ग्राहकाला ‘तुम्हाला याचा फायदा होण्याची शक्यता आहे’ अशी छापील सूचना द्यायची असते. सूचना देऊन फार्मसीचं काम संपतं. नाव नोंदवणं फार्मसीच्या हातात नाही, ते प्लॅनकडेच करावं लागतं. खूप जण इथे अडकतात. कागद मिळाला म्हणजे काम झालं असं समजून घरी येतात, नाहीतर काकूंसारखं ‘नंतर बघू’ म्हणून पिशवी न घेताच परततात.

डॉक्टर म्हणाले असतील की गोळी आजच सुरू करा आणि २४ तास थांबणं धोक्याचं आहे, तर कुणाकडून पैसे घेऊन गोळी आणावी आणि ७२ तासांच्या आत प्लॅनला फोन करून मागच्या तारखेपासून नाव नोंदवायला सांगावं. कारण मान्य झालं की भरलेले पैसे प्लॅनने ४५ दिवसांच्या आत परत द्यायचे असतात. फोन केल्याची तारीख, वेळ आणि पलीकडच्या माणसाचं नाव मात्र लिहून ठेवा.

आणि नाव नोंदल्यावरही काउंटरवर पैसे मागितले तर? असं होतं. फार्मसीच्या संगणकावर हे बिल दोनदा पाठवावं लागतं. एकदा नेहमीच्या विम्याला, आणि मग उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्यांदा या सोयीच्या वेगळ्या कोडवर. त्या कोडातला पीसीएन नावाचा भाग ‘एमपीपीपी’ या अक्षरांनी सुरू होतो. पहिलं बिल मंजूर झालं की परत आलेल्या संदेशात हा कोड दिसतो, पण घाईगर्दीत टेक्निशियनची नजर चुकते. शांतपणे म्हणायचं, ‘पेमेंट प्लॅनच्या कोडवर दुसरं बिल पाठवून बघा.’ मी अनेक वर्षं काउंटरच्या त्या बाजूला काढली आहेत. हे एक वाक्य बोलणारा ग्राहक आम्हाला नेहमीच आवडायचा.

आता बाबा.

हे कर्ज आहे का, हे तुम्ही विचारलंत. व्याज नाही, नोंदणीची फी नाही, उशीर झाला तर दंड नाही. तेव्हा बँकेच्या अर्थाने कर्ज नाही. पण फुकटही काही मिळत नाही. औषधाची किंमत एक सेंटनेही कमी होत नाही, फक्त पैसे कधी द्यायचे ते बदलतं. फॉर्मवरचं ‘पेमेंट प्लॅन’ वाचून सवलत मिळणार असं धरून चालणारे रोज भेटतात.

दुसरा गैरसमज जास्त त्रासाचा आहे. आपल्याकडे हप्ता म्हटलं की डोक्यात ईएमआय येतो, दर महिन्याला ठरलेली तीच रक्कम. ही सोय तशी नाही. पहिल्या महिन्यासाठी कमाल रक्कम काढतात: वर्षाची मर्यादा वजा आतापर्यंत खिशातून गेलेली रक्कम, भागिले वर्षातले उरलेले महिने. जानेवारीत २१०० भागिले १२, म्हणून १७५. त्या महिन्याचा प्रत्यक्ष खर्च याहून कमी असेल तर तेवढाच. दुसऱ्या महिन्यापासून सूत्र बदलतं: मागची शिल्लक अधिक या महिन्याचा नवा खर्च, भागिले डिसेंबरपर्यंत उरलेले महिने. दर महिन्याला नवीन औषध घेतलं की शिल्लक वाढते आणि भागायचे महिने मात्र कमी होत जातात. वर्ष संपताना सगळं चुकतं व्हायलाच हवं. काकूंचा खर्च एकदाच झाला, म्हणून त्यांचा आकडा सपाट राहिला. बाबांचा खर्च दर महिन्याला होतो.

तुमच्या ४२८ डॉलरचा अर्थ आधी लावू. २०२६ पासून मेडिकेअरने स्वतः भाव करून ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती लागू झाल्या. त्यात एलिक्विस महिन्याला २३१ आणि जार्डियन्स १९७. (२०२३ मध्ये यांच्या छापील किमती ५२१ आणि ५७३ होत्या, म्हणजे बाबांना धक्का बसला तो भाव उतरल्यानंतरचा.) दोन्ही मिळून ४२८. याचा अर्थ बाबांच्या प्लॅनला बहुधा पूर्ण ६१५ चा डिडक्टिबल आहे आणि जानेवारी सगळा त्यातच गेला. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे १८७ उरतील आणि बाकी २४१ चा चौथा हिस्सा, असे २४७ च्या आसपास जातील. मार्चपासून ४२८ चा चौथा हिस्सा, म्हणजे १०७. वर्षाचे एकूण १७४५. तुमच्या प्लॅनमध्ये चौथ्या हिश्श्याऐवजी दर खेपेची ठरलेली रक्कम (को-पे) असू शकते, त्यामुळे पाच-दहा डॉलर इकडेतिकडे होतील, पण आकार हाच राहील.

म्हणजे जानेवारीत डोंगर, फेब्रुवारीत टेकडी आणि पुढे सपाट रस्ता. बाबा जानेवारीचा आकडा बघून घाबरले, कारण त्यांना तो दर महिन्याचा वाटला असणार. मार्चपासून १०७ लागतील हे त्यांना आज सांगितलंत तर अर्धी चिंता इथेच मिटेल.

याच खर्चासाठी जानेवारीतच सोय घेतली असती तर बिलं अशी आली असती: जानेवारी १७५, फेब्रुवारी ४५, मार्च ५६, एप्रिल ६८, मे ८१, जून ९७, जुलै ११५, ऑगस्ट १३६, सप्टेंबर १६३, ऑक्टोबर १९८, नोव्हेंबर २५२ आणि डिसेंबर ३५९. बेरीज तीच, १७४५. जानेवारीचा डोंगर उचलून डिसेंबरात ठेवला, एवढंच झालं. आणि जानेवारीतला डोंगर निदान ओळखीचा असतो. डिसेंबरातला कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

गेल्या डिसेंबरात एक गृहस्थ हातात बिल घेऊन आले होते. प्लॅनने फसवलं, अशी त्यांची खात्री होती. त्यांचा खर्च दर महिन्याला सारखाच ८० डॉलर. कुणीतरी ‘घेऊन टाका, फुकट आहे’ म्हणाल्यावर त्यांनी २०२५ च्या जानेवारीत नाव घातलं होतं. जानेवारीला ८० गेले, फेब्रुवारीला सव्वासात. मार्चला पंधरा. खूश झाले, वाचलेले पैसे नातवंडांवर खर्च केले. ऑक्टोबरात १२१, नोव्हेंबरात १६१, डिसेंबरात २४१ चं बिल आलं तेव्हा डोळे उघडले. मी पाठकोऱ्या कागदावर बारा ओळी मांडून बेरीज केली, ९६० म्हणजे ८० गुणिले १२ अगदी बरोबर आले. फसवणूक कुठेच नव्हती. त्यांना या सोयीची मुळातच गरज नव्हती.

तेव्हा माझ्या मते सोय घ्यावी की नाही हे वर्षाचा एकूण खर्च किती यावर फारसं ठरत नाही. खर्च वर्षाच्या कुठल्या टोकाला आहे, यावर ठरतं. जानेवारी-फेब्रुवारीत मोठी रक्कम एकदम पडणार असेल तर उपयोग चांगला. खर्च बारा महिने सारखा असेल तर फक्त डिसेंबर अवघड होतो. वर्षाच्या उत्तरार्धात नाव घातलं तर भागायला महिनेच उरत नाहीत. सप्टेंबरात घेतली तर चारच महिने, डिसेंबरात घेतली तर काहीच अर्थ नाही.

बाबांचे जानेवारीचे ४२८ तर भरून झाले. ते परत हप्त्यांत जात नाहीत. आता फेब्रुवारीत नाव घातलं तर पहिल्या महिन्याची कमाल रक्कम २१०० वजा ४२८, भागिले ११, म्हणजे १५२. फेब्रुवारीला २४७ ऐवजी १५२, मार्चला २०, एप्रिलला ३२, आणि शेवटी डिसेंबरला ३२३. फेब्रुवारीत ९५ डॉलरची सवड मिळते, आणि त्याबदल्यात वर्षअखेरीला तीन मोठी बिलं येतात, तेही बाबा पुण्यात असताना. या वर्षी बाबांसाठी मी फॉर्म भरणार नाही.

मग ४२८ चं काय करायचं? यावर खरा उपाय दुसरीकडे आहे, आणि तो त्या फॉर्ममध्ये शोधून सापडणार नाही.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, हे बाबांचं नशीब समजा. या राज्याची पाड नावाची योजना आहे, फार्मास्युटिकल असिस्टन्स टू द एज्ड अँड डिसेबल्ड. तिच्यात प्लॅनच्या यादीतल्या जेनेरिक औषधाला ५ डॉलर आणि ब्रँडच्या औषधाला ७ डॉलर पडतात. बाबांच्या दोन गोळ्यांचे महिन्याला १४. अट उत्पन्नाची आहे आणि ती बरीच सैल आहे: २०२५ मध्ये नवरा-बायको दोघांचं मिळून ६० हजार डॉलरच्या थोडं वरपर्यंत चालायचं, आणि ती दरवर्षी वाढते. उत्पन्न फक्त आई-बाबांचं धरतात, तुमचा पगार नाही. बँकेतली शिल्लक आणि घर-जमीन विचारतच नाहीत. उत्पन्न त्या मर्यादेच्या दहा हजारांपर्यंत वर गेलं तर सीनियर गोल्ड नावाची दुसरी योजना आहे. तिच्यात १५ डॉलर आणि उरलेल्या रकमेचा निम्मा हिस्सा भरावा लागतो. दोन्हींसाठी एकच अर्ज असतो, एनजेसेव्ह. तो ऑनलाइन भरता येतो. पार्ट डी आधीपासून लागतो, तो बाबांना आहेच, आणि प्लॅन साधा असेल तर त्याचा प्रीमियमही पाड भरते. एक अट नीट वाचा: न्यू जर्सी हेच कायमचं राहण्याचं ठिकाण हवं. दोन-अडीच महिने पुण्याला जाऊन आल्याने बाधा येत नाही, पण उलटं असेल, म्हणजे मुख्य मुक्काम पुण्यात आणि एडिसनला फक्त उन्हाळा, तर पात्रता नाही.

आसपासच्या राज्यांतले नातेवाईक विचारतील म्हणून: न्यूयॉर्कमध्ये एपिक आहे, पेनसिल्व्हेनियात पेस आणि पेसनेट. नियम वेगवेगळे, पण जातकुळी एकच.

केंद्राची मदत म्हणजे एक्स्ट्रा हेल्प. ती सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे निवृत्तिवेतन देणाऱ्या सरकारी खात्याकडे, मागायची. ती मिळाली तर डिडक्टिबल जातो आणि २०२६ मध्ये जेनेरिकला ५ डॉलर १० सेंट, ब्रँडला १२ डॉलर ६५ सेंट यापेक्षा जास्त लागत नाही. इथे मात्र उत्पन्नासोबत मालमत्ताही बघतात. २०२५ मध्ये जोडप्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ३१,७२५ डॉलर होती आणि मालमत्तेची ३५,१३०. राहतं घर आणि गाडी सोडतात. आणि आपल्या लोकांचं घोडं पुढच्या ओळीवर अडतं: राहत्या घराव्यतिरिक्त दुसरी जागा धरतात, मग ती कोथरूडचा फ्लॅट असली तरी. पुण्यातल्या बँकेतली एफडी धरतात. महाराष्ट्र सरकारची किंवा इतर कुठलीही भारतातली पेन्शन उत्पन्नात धरतात. ‘इथे कुणाला कळणार आहे’ हा सल्ला देणारे काका प्रत्येक मंडळात एक तरी असतात. त्यांचं ऐकू नका. अर्जाखाली सही करताना खोटं सांगितल्यास शिक्षा होईल हे मान्य केलेलं असतं. पुण्यात जागा असेल तर एक्स्ट्रा हेल्पचा नाद सोडा आणि पाडकडे वळा. जागा नसेल, आणि तुम्ही आई-बाबांना किराणा किंवा घरभाड्याला हातभार लावत असाल, तर घाबरू नका, तशी मदत उत्पन्नात धरत नाहीत.

काकूंनाही हे दोन्ही अर्ज करायला लावा. हप्त्यांची सोय आज घ्यायची, आणि पाड मंजूर झाली की पुढच्या औषधांसाठी हप्त्यांची गरज राहत नाही.

पुण्याच्या मुक्कामाचं तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत, कारण इथे सोय घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त तारांबळ उडते. पार्ट डी अमेरिकेबाहेर घेतलेल्या औषधाला एक पैसाही देत नाही, आणि तिथे खर्च केलेले रुपये २१०० च्या मर्यादेतही मोजले जात नाहीत. भारतात एम्पाग्लिफ्लोझिनचं, म्हणजे जार्डियन्समधल्या औषधाचं, पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. त्यामुळे बाबा म्हणतील, तिकडेच घेतो. घ्यायला हरकत नाही, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या बाबतीत मी असं करू देणार नाही. एलिक्विस अधेमध्ये बंद पडली, किंवा नवीन दुकानदाराने वेगळ्या ताकदीची दिली, तर त्याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. जायच्या आधी ऑक्टोबरात डॉक्टरांकडून ९० दिवसांचं प्रिस्क्रिप्शन घ्या. आधीचा साठा संपायच्या आत फार्मसी नाकारू लागली तर प्लॅनला फोन करून ‘प्रवासासाठी आगाऊ साठा हवा’ म्हणा. बहुतेक प्लॅन त्यासाठी सूट देतात.

ज्यांनी सोय घेतली आहे आणि असा प्रवास आहे, त्यांनी प्लॅनकडे आपोआप पैसे वळते होण्याची व्यवस्था आधी लावून घ्यावी. प्रीमियम सोशल सिक्युरिटीतून कापला जातो म्हणून हेही तिथूनच जाईल असं धरू नका. हे बिल प्लॅन वेगळं पाठवतो आणि ते एडिसनच्या पत्रपेटीत पडून राहतं. पैसे चुकले तर काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण भीती अवाजवी आहे. देय तारखेनंतर १५ दिवसांत प्लॅनकडून सूचना येते, मग किमान दोन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यातही भरलं नाही तर हप्त्यांच्या सोयीतून नाव निघतं आणि पुढच्या खेपेपासून काउंटरवर रोख द्यावे लागतात. औषधांचा विमा मात्र यामुळे जात नाही. थकलेली रक्कम द्यावी लागतेच, आणि ती फिटेपर्यंत तोच प्लॅन तुम्हाला पुन्हा या सोयीत घ्यायला नकार देऊ शकतो. प्रीमियमची गोष्ट वेगळी. तो थकला तर विमाच जाऊ शकतो. म्हणून दोन्हींसाठी पैसे तोकडे असतील तर आधी प्रीमियम. चेक कशासाठी आहे ते लिहिलं नसेल तर प्लॅनलाही तो आधी प्रीमियमलाच लावावा लागतो.

बाकीच्या गोष्टी पटकन. मर्यादा आणि हप्ते दोन्ही माणसागणिक आहेत. आईचा प्लॅन वेगळा, तिची २१०० ची मर्यादा वेगळी, तिचं बिल वेगळं. तिच्या गोळ्या स्वस्त असतील तर तिचा फॉर्म सरळ फाडून टाका. इन्सुलिन कुणाला असेल तर महिन्याच्या पुरवठ्याला ३५ डॉलरहून जास्त घेता येत नाहीत, त्याला हप्ते कशाला? कूपन दाखवून विम्याबाहेर रोखीने घेतलेलं औषध या मर्यादेत मोजलं जात नाही. प्लॅनच्या यादीत नसलेलं औषधही नाही. दवाखान्यात शिरेतून दिली जाणारी केमोथेरपी बहुधा पार्ट बीमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर-दवाखान्याच्या भागात, येते, तिचा या सोयीशी संबंध नाही, हे काकूंच्या मुलांना नक्की सांगा. नाहीतर ते तिकडचं बिलही यात जाईल म्हणून वाट बघत बसतील.

बाबांनी आता फॉर्म भरला नाही तरी दरवाजा बंद होत नाही. वर्षात कधीही, कुठल्याही महिन्यात नाव घालता येतं. समजा जूनमध्ये डॉक्टरांनी एखादं महागडं औषध वाढवलं, तर तेव्हा बघू. आणि घेतलेली सोय सोडायचीही मुभा आहे. उरलेली रक्कम एकरकमी किंवा आधीसारखी महिन्याला भरायची.

पाडमध्ये बसत नाही असं निघालं, तर १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलण्याकडे लक्ष द्या. बाबांना बोचतंय ते ६१५ च्या डिडक्टिबलमुळे. काही प्लॅनमध्ये तो कमी असतो किंवा नसतोच, पण त्यांचा प्रीमियम जास्त असतो. बारा महिन्यांचा प्रीमियम आणि बारा महिन्यांची औषधं यांची एकत्र बेरीज करायची. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर गोळ्यांची नावं, ताकद आणि तुमची फार्मसी घातली की ती बेरीज आपोआप येते. दिवाळीच्या गडबडीत आणि विमानाच्या तिकिटांच्या नादात ही मुदत निघून जाते, म्हणून जायच्या आधीच उरका. तेव्हाही डिडक्टिबलचाच प्लॅन स्वस्त पडला, तर २०२७ साठी हप्त्यांची सोय डिसेंबरच्या आत मागून ठेवता येते. जानेवारीचा झटका तरी टळेल, फक्त पुढचा डिसेंबर लक्षात ठेवायचा. ज्यांची सोय आधीपासून चालू आहे त्यांचं नाव त्याच प्लॅनमध्ये पुढच्या वर्षी आपोआप राहतं, पण प्लॅन बदलला तर नव्याने नोंदवावं लागतं. काकू प्लॅन बदलणार असतील तर त्यांना हे आधी सांगा, नाहीतर २०२७ च्या जानेवारीत पुन्हा तोच आकडा काउंटरवर उभा राहील.

आणि हो, ‘आम्ही मेडिकेअरकडून बोलतोय, हप्त्यांच्या योजनेत तुमचं नाव घालतो, कार्ड नंबर सांगा’ असे फोन ज्येष्ठांना येत असतात. मेडिकेअर असा आपणहून फोन करत नाही. आई-बाबांना सांगा, ठेवून द्या आणि कार्डावरच्या नंबरला स्वतः लावा. मेडिकेअरचा स्वतःचा नंबर १-८००-६३३-४२२७, चोवीस तास चालतो, दुभाषाही मागता येतो. समोर बसून कागद बघून हवे असतील तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ल्याची व्यवस्था आहे. मी तिथेच बसतो. येताना बाबांच्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून आणायच्या, नुसती यादी नको, कारण यादीत ताकद चुकलेली असते. मेडिकेअरचं लाल-निळं कार्ड, प्लॅनचं कार्ड आणि सोशल सिक्युरिटीचं या वर्षीचं पत्र, एवढं असलं की पाडचा अर्ज तिथल्या तिथे होतो.